गोविंदन सरांची धूळ

खिडकी पुसली म्हणून एखाद्याचा सिनेमा बुडता बुडता वाचला, असं कधी ऐकलंय तुम्ही? नाही ना? मग तो पुसणारा इसम आज तुमच्यासमोर बसून चहा पितोय, नीट बघून घ्या.

मी सौदीतल्या अबकैकच्या एका कामगार कॅम्पचा सुपरवायझर. मूळचा चिपळूणचा. चाळीस खोल्या, दोनशे माणसं आणि सगळ्यांना शिस्त लावणारा एकटा मी!

एकदा केरळचे गोविंदन सर आले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांवर कॅमेरा चालवलेला माणूस, आता दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा करत होता. तोही वडिलांवर. वडील इथल्याच एका कॅम्पात वेल्डर होते.

सर एकेक खोली बघत फिरले आणि चौदा नंबरात थबकले. चार वाजता खिडकीतून तिरपं ऊन आत आलं, तर त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाले, बस, हीच खोली, परवा चार वाजता. परवानगी एकाच दिवसाची आणि ते ऊन वीस मिनिटांचं.

आता एवढा मोठा माणूस माझी खिडकी निवडतो आणि तिच्यावर ही एवढी धूळ! माझी तर मान खाली गेली. पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो, सांगा बरं?

दोन दिवस कॅम्प डोक्यावर घेतला. चौदा नंबरची काच साबणाने धुतली, भिंतींना पांढरा रंग काढला, नवी ट्यूबलाइट लावली. कॅमेरा चुकून इकडेतिकडे फिरला तर? म्हणून कामगारांच्या चाळीसही खोल्यांच्या काचा धुवून घेतल्या. वर प्लॅस्टिकची गुलाबी फुलं ठेवली.

ठरल्या दिवशी तीन वाजता सर आले. मी हसत दार उघडलं. सर आत जाऊन काचेपाशी उभे राहिले. मग अगदी हळू विचारलं, "भाई, धूल किधर गया?"

"निकाल दिया, सर. एकदम साफ."

सर पलंगावर मटकन बसले. त्यांच्या असिस्टंटने मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांच्या घरी वडिलांचा एकच फोटो आहे, अशाच धुळकट खिडकीपाशी काढलेला. तो पिवळा उजेड पडद्यावर आणायचा, म्हणून तर हा माणूस कॅमेरा शिकला.

मी धावत बाहेर गेलो. बादलीभर वाळू आणून काचेवर मारली. ती सरळ खाली. पाणी लावून मारली, तर काच शेणाने सारवल्यासारखी दिसायला लागली. साडेतीन वाजले. सरांनी विचारलं, एखादी तरी न धुतलेली खिडकी असेल? मी शरमेने सांगितलं, एकही नाही, माझं काम चोख असतं.

"एक आहे," आमचे सफाईवाले यूसुफचाचा शांतपणे म्हणाले. चाचा महाडचे. "साहेबांची स्वतःची."

खरं होतं हो! दुसऱ्यांच्या खोल्या तपासण्यातून वेळ कुठे मिळतो? नऊ वर्षांत त्या काचेला फडकं लागलं नव्हतं. सरांनी माझ्या दारातच मला कडकडून मिठी मारली. म्हणाले, काहीही हलवायचं नाही. कपड्यांचा ढीग, उष्टे कप, जळमटं, सगळं तसंच राहिलं. चारला ऊन आलं आणि काम फत्ते झालं. सर कॅमेऱ्यामागे रडत होते, मीही रडलो. कारणं वेगळी.

सिनेमा टीव्हीवर आला तेव्हा मी सुट्टीवर चिपळूणला होतो. बायकोला शेजारी बसवून ऐटीत सांगितलं, हा माझा कॅम्प. ती खोली बघून बिचारी हळहळली. "अहो, काय ही दशा त्या माणसाची. सुपरवायझर लक्ष देत नाही का?"

मी विषय बदलणार, तोच कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर आला. तिथे लाडवांचा स्टीलचा डबा, आणि त्याच्यावर तिच्या आईने कोरून घेतलेलं तिचं नाव, पडदाभर: सौ. सुनंदा कदम.

तिने टीव्ही बंद केला आणि माझ्या हातात फडकं दिलं. घरच्या अकरा खिडक्या पुसल्या मी त्या सुट्टीत. सिनेमाचा शेवट काय आहे, ते मला अजून माहीत नाही.