डुलत्या रंगाऱ्याची शपथ

गल्लीत त्यांना सगळे डुलता रंगारी म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण कानावर जाईल इतक्या मोठ्याने. खिडकीच्या चौकटीची कड ते अशी रंगवायचे की पाहणाऱ्याला पट्टी लावल्यासारखी वाटावी. शिडीवरून उतरले, की मात्र पाय नेमका बादलीत. आणि दिवस कलला की भिंत चाचपडत, खांबाला धडकत, वाटेतल्या कुत्र्याला तुडवत घरी यायचे. हा माणूस पीत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

घरच्यांनाही शंका नव्हती. बायको रोज संध्याकाळी दारात त्यांना अडवायची. "अहो, तोंड उघडा." ते निमूट 'हा' करायचे. वास काही यायचा नाही. मग तिने निकाल लावून टाकला, की हे बिनवासाची कुठली तरी पितात. अशा निकालावर अपील कुठे करणार? एकदा त्यांनी चार माणसांत दारू सोडल्याची शपथही घेतली. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी स्वारी गटारात!

मुलीने तर आपल्या लग्नात त्यांना बजावलं होतं, "बाबा, दिवस मावळायच्या आत घरी जा. माझ्या सासरच्यांसमोर तमाशा नको." ते गेले. जेवायलाही थांबले नाहीत.

पुढे एकदा शिडीवरून पडून त्यांचा गुडघा कायमचा आखडला आणि काम सुटलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी मदत सुरू होईल, म्हणून मुलगीच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दोघं म्हातारी त्या मदतीवरच जगणार होती.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि मान हलवली. "एवढ्यावर नाही बसत हो नियमात." बाबा उठले, वळले, आणि शेजारच्या स्टुलाला धडकून सरळ टेबलावर आदळले. भर सकाळी, लख्ख उजेडात. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थोडी घेतात ते," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "डोळे तपासलेत कधी यांचे?"

"डोळ्यांना काय झालंय? सुईत दोरा ओवतात अजून."

डोळ्यांच्या खोलीत त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली. मुलगी मनातल्या मनात म्हणाली, झालं, आता हेही गेलं. मग तिथले डॉक्टर त्यांच्यासमोर बसले. "माझ्या नाकाकडे बघत राहा. बाजूने बोट आणतोय. दिसलं की सांगा."

बोट कानाजवळून निघालं. बाबा गप्प. गालापाशी आलं. गप्पच. मुलीला राहवेना. "बाबा, सांगा ना! मस्करी करताय का?"

"आणतील तेव्हा सांगीन की," बाबा म्हणाले.

बोट डॉक्टरांच्या नाकाला टेकायला आलं, तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, आलं."

बराच वेळ यंत्रांवर तपासून डॉक्टर म्हणाले, "डोळ्याचा पडदा कडेने विझत आलाय. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. संध्याकाळनंतर तेही नाही. हे तरुणपणापासूनचं आहे. सरकारच्या नियमात यांना अंधच धरतात. प्रमाणपत्र मिळेल."

"अंध?" मुलगी म्हणाली. मदत मिळणार होती, पण ती बाबांकडेच वळली. "बाबा, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? अंधारात कुणाला दिसतं? मला वाटायचं, लोक अंदाजाने चालतात, आपल्यालाच ते जमत नाही."

"आणि दारू?"

"कधी घेतलीच नाही गं."

"मग सोडायची शपथ कशाला घेतलीत?"

"तुझी आई रोज रडायची," बाबा म्हणाले. "म्हटलं, सोडली म्हटल्यावर तरी थांबेल."

तिच्या डोळ्यांसमोर लग्नातले बाबा आले. उन्हं असतानाच निघालेले, उपाशी. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आता तिला शिसारी आली.

कागदपत्रं उरकेपर्यंत दिवस कलला. वाटेत तिने त्यांचं कोपर घट्ट धरलं. "इथे पायरी आहे बाबा. इथे दगड." ते एकदाही अडखळले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पानवाल्याने हाक मारली, "काय रंगारी, आज सरळ? पैसे संपले वाटतं!" बाबा हसले. मुलगी हसली नाही, तिने बाबांचं कोपर आणखी घट्ट धरलं.

दारात आई उभीच होती. काय झालं, मिळणार का, काही विचारायच्या आधी ती सवयीने पुढे झाली. "अहो, तोंड उघडा."

बाबांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली आणि सवयीने 'हा' केलं.

मुलीने झटकन त्यांच्या उघड्या तोंडावर आपला हात ठेवला. "नको बाबा," ती म्हणाली, "मिटा." आणि आईला कसं सांगायचं ते न सुचून, हात तसाच ठेवून रडायला लागली.