कॅलिपरला लाल रंग

गाडीच्या ब्रेकला रंग लावायची बुद्धी मला का झाली, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आज सांगतो. फक्त चहा संपेपर्यंत हसू नका, नाहीतर माझा धीर जाईल आणि गोष्ट अर्धीच राहील.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पनवेलला राहायचो आणि तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. नुकतीच एक जुनी, छोटी गाडी घेतली होती. रंग म्हणाल तर दूध जास्त झालेल्या चहासारखा. चालायला छान होती, पण बघायला काहीच नव्हतं तिच्यात.

त्यात माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्याचे. त्यांनी नवी कोरी गाडी घेतली होती आणि ती घेऊन ते रविवारी उरणला येणार होते, बायकोच्या मामेभावाच्या साखरपुड्याला. म्हणजे माझी गाडी आणि त्यांची गाडी एकाच मांडवासमोर उभी राहणार. आता कळलं ना दुखणं कुठे होतं?

त्याच आठवड्यात सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. समोर परदेशी गाड्यांचं एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात एका गाडीच्या चाकाचा फोटो होता, आणि चाकाच्या आतून काहीतरी लालभडक चमकत होतं. ते काय, म्हणून खालचं वाचलं, तर तो होता ब्रेकचा कॅलिपर. पुढच्या चाकाच्या आत एक लोखंडी चकती फिरत असते, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा जो ठोकळा असतो, तो. लोक तो लाल रंगवून मिरवतात म्हणे. मला पटलंच. म्हटलं, साडूंकडे हे नक्की नसणार.

कोन गावाच्या वाटेवर रफीकभाईंची शेड होती. लोखंडी कपाटांना आणि खिडक्यांच्या ग्रिलना ते पावडर कोटिंग करून द्यायचे. आमच्या कारखान्याचंही थोडं काम त्यांच्याकडे जायचं, म्हणून ओळख. त्यांना म्हटलं, कॅलिपर लाल करून द्या.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजणं. कॅलिपरच्या आत रबर असतं, तेल असतं. तसाच घातला तर रबर खाक. सगळं खोला, भाजा, नवीन रबर टाका, परत बसवा, पाइपातली हवा काढा. एवढी मेहनत कशासाठी?"

"मग स्वस्तात काय होईल?"

"स्वस्तात घरीच ब्रशने मारा. पण गौर से सुनो. सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा रंग घ्यायचा. आधी तारेच्या ब्रशने घासायचं, थिनरने पुसायचं, चकतीवर कागद चिकटवायचा. दोनच हात, पातळ. आणि पूर्ण एक दिवस गाडी हलवायची नाही."

एवढं सगळं त्या भल्या माणसाने सांगितलं, आणि माझ्या डोक्यात काय राहिलं? घरीच ब्रशने मारा. बस्स. घरी गॅलरीच्या ग्रिलसाठी आणलेल्या लाल ऑइल पेंटचा अर्धा डबा पडून होता. शनिवारी दुपारी बायको, मीना, खरेदीला गेली आणि मी चाकं उतरवली. घासलं थोडंफार. चकतीवर कागद मात्र चिकटवला, ते एक शहाणपण झालं. रंगाचे दोन पातळ हातांऐवजी तीन जाडजूड हात दिले. संध्याकाळी बोट लावून पाहिलं तर वरून सुकला होता. कागद काढला, चाकं चढवली आणि मीनाला काही बोललो नाही. म्हटलं, मांडवासमोर साडू विचारतील तेव्हाच कळू दे.

रविवारी सकाळी निघालो. मी सफारी सूट घातला होता. मागच्या सीटवर साखरपुड्याची टोपली होती, त्यात नारळ, साखरेचे पुडे, विड्याची पानं आणि मीनाने रात्रभर ओल्या फडक्यात जपलेल्या मोगऱ्याच्या वेण्या.

चिरनेरच्या अलीकडे एक उतार लागला. उतारावर मी सारखा ब्रेक दाबत होतो. कसलातरी जळका वास येत होता, मीना दोनदा म्हणालीही, पण मी म्हटलं कुणीतरी पाचोळा जाळतंय. तेवढ्यात वळणावर अख्खा रस्ता भरून शेळ्या. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक मारला. गाडी कशावरून तरी धाडकन उडाली आणि थांबली. शेळ्या दोन्ही बाजूंना उधळल्या. पुढच्या चाकातून धूर यायला लागला.

मी उतरून पुढे गेलो. चाकावर लाल ओघळ. मडगार्डवर लाल शिंतोडे. खाली रस्त्यावर थेंब, टप टप पडत होते.

"मीना," मी म्हटलं, "आपण कुणालातरी उडवलं."

शेळ्यांमागून एक म्हातारी धावत आली, तिच्या मागून सायकल ढकलत तिचा मुलगा. चांगला चाळिशीतला, नाव नाथा. म्हातारी बोट दाखवत शेळ्या मोजायला लागली. दोनदा मोजल्या.

"बारा होती," ती म्हणाली. "अकराच हायत. माजी चंद्री नाय."

मी तिच्यासमोर हात जोडले. "आजी, मीच मारली. माझ्याच गाडीखाली आली. तुम्ही म्हणाल ते करतो."

म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि मटकन रस्त्याच्या कडेला बसली. मला वाटलं, हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, पण हे नको. नाथा शांत होता. त्याने वाकून गाडीखाली बघितलं.

"सायेब, हितं काय नाय."

"लंगडत झुडपात गेली असेल. रक्त किती सांडलंय बघा ना."

मग शोध सुरू झाला. मी पुढे, हातात रुमाल, पट्टी बांधायला. नाथा उजवीकडे, म्हातारी डावीकडे, "चंद्रे, चंद्रे" करत. मीनाही उतरून आली. करवंदीच्या जाळ्यांत शिरून शिरून माझ्या सफारीच्या बाह्या फाटल्या. प्रत्येक झुडपामागे चंद्री मला मरून पडलेली दिसायची, आणि जवळ गेलो की दगड असायचा. मनातल्या मनात मी गाडी विकून टाकली होती. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं देवाला सांगूनही झालं होतं.

अर्धा तास झाला असेल. मीना पाणी प्यायला गाडीकडे गेली आणि तिथूनच तिची हाक आली, "अहो, इकडे या."

तिचा आवाज विचित्र होता. मी धावलो. मीनाने उतरताना टोपली सावरायला उघडलेलं मागचं दार उघडंच राहिलं होतं. मागच्या सीटवर, टोपलीशेजारी, चंद्री ऐसपैस बसली होती. विड्याची पानं संपवून मोगऱ्याची दुसरी वेणी चघळत होती.

तुम्हाला सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. मी त्या शेळीच्या गळ्यात पडलो. तिने माझी कॉलर चावली, तरी मी सोडलं नाही. म्हातारीने येऊन तिच्या चारही पायांवरून हात फिरवला, कान बघितले, पोट बघितलं. साधा ओरखडा नव्हता. म्हातारी रडता रडता हसायला लागली आणि तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "नको घाबरू रं पोरा, काय झाला नाय."

"मग हे रक्त कुणाचं?" मीनाने विचारलं.

नाथा चाकापाशी उकिडवा बसला. बोटाने ओघळ पुसला, नाकाजवळ नेला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

"सायेब, ह्यो रंग हाय. आमी दाराला मारतो ना, त्योच."

तुम्ही म्हणाल, आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने तीन हात मारलेस, आणि अर्धा तास तुला आठवलं नाही? नाही आठवलं. खरंच सांगतो. घाबरलेल्या माणसाला लाल म्हणजे रक्तच दिसतं. आतून ओला राहिलेला रंग ब्रेकच्या उष्णतेने पातळ होऊन वाहिला होता, एवढी साधी गोष्ट. आणि ते धाडकन म्हणजे रस्त्यातला खड्डा.

"तुम्ही ब्रेकला रंग लावलात?" मीना म्हणाली. मी मान खाली घातली. तिने शेळीने उष्टावलेली टोपली उचलून माझ्या हातात दिली.

नाथा मात्र अजून चाकाकडेच बघत होता. आमच्या गाडीला साधी पत्र्याची चाकं, मधे चार भोकं, वर टोपण. त्याने डोकं जमिनीला टेकवून एका भोकातून आत पाहिलं, उठला, आणि अगदी मनापासून विचारलं, "पन सायेब, ह्या आत कोन बगनार व्हता?"

मासिकातल्या गाडीची चाकं जाळीदार होती, आरपार दिसणारी. हा फरक मला चिरनेरच्या रस्त्यावर पहिल्यांदा कळला. तसेच हळूहळू उरण गाठलं; साडूंनी माझ्या फाटक्या बाह्या बघितल्या, चाकांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

ओळखीच्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी सगळं तपासलं. ब्रेक ठीक होते. रंगवताना चकतीवर लावलेल्या कागदाने वाचवलं होतं, नाहीतर त्या उतारावर गाडी थांबली नसती. हे ऐकून मी त्याच्या स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. मग सगळा लाल रंग खरवडला आणि रफीकभाईंनी सांगितलेला सायलेन्सरचा चंदेरी रंग आणला. दोन पातळ हात दिले, पूर्ण एक दिवस गाडी हलवली नाही. काम इतकं सुरेख झालं की काय सांगू. आणि ते बघायला कुणीही नाही.

पुढे दोन वर्षं ती गाडी चालवली. खोटं कशाला बोलू, पुढचं चाक पंक्चर झालं की मला बरं वाटायचं. निदान चाक काढल्यावर कुणीतरी बघेल.

एकदा बघितलंही. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं, वाकून आत पाहिलं, आणि फडकं हातात घेत म्हणाला, "साहेब, आतमध्ये कुणीतरी रंग सांडलाय. पुसून देऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे रे. आधीच्या मालकाने सांडलाय."