फुलचोरानं मागितलेली परवानगी

"साहेब, पाटीवर तुमचा नंबर हाय म्हून फोन केला. आत जायची परवानगी हाय का?"

मंगळवारची सकाळ, पावणेसात वाजलेले. मी तळेगावात आमच्या फ्लॅटमध्ये दात घासत होतो.

"कोण बोलतंय? कुठून?"

"लोनावळ्यातनं. लिमये बाईंच्या फाटकात उभा हाय. बाई मागच्या परसात अडाकल्यात, हाका मारत्यात. पन पाटीवर लिवलंय, विनापरवाना आत आल्यास कारवाई. म्हून इचारतोय."

"जा आत. परवानगी आहे," मी म्हणालो. "मी निघालोच."

मी सीसीटीव्ही बसवतो. आधी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता स्वतःचा धंदा आहे. ती पाटी मीच लावली होती. लाल अक्षरांत, खाली माझा नंबर. जाहिरातही होते ना फुकटात.

लिमये मावशींचा बंगला लोणावळ्यातल्या एका जुन्या कॉलनीत आहे. बैठी घरं, पुढे अंगण, मागे परस. पूर्वी तिथे शिक्षक, बँकवाले, रेल्वेतले लोक राहायचे. आता बहुतेक बंगल्यांचे व्हिला झालेत. शनिवारी स्पीकर, पोहण्याचा तलाव आणि गल्लीत वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या. सोमवारी सगळं चिडीचूप. मावशी एकट्या राहतात. एका शनिवारी चार पाहुणे व्हिला समजून थेट त्यांच्या ओसरीवर बॅगा टाकून बसले. हे त्यांच्या मुलाला, बेंगळुरूच्या निखिलला, कळलं आणि त्यानं मला फोन केला.

"काका, महिनाभर बघतो. सिस्टीम नीट चालली तर आई तिथे राहील. नाहीतर बंगला विकायचा आणि तिला इकडे आणायचं."

मावशींना जायचं नव्हतं. "बाराव्या मजल्यावर मी काय करू? कबुतरं मोजू?" म्हणजे एका बाईचं घर माझ्या कामावर अवलंबून होतं. मी दोन कॅमेरे बसवले. एक फाटकावर, एक मागच्या परसात.

चार दिवसांनी निखिलनं एक क्लिप पाठवली. अर्धवट उजाडलेलं. माकडटोपी, मफलर, हातात लांब काठी असा एक इसम परसात. "काका, घरात चोर शिरलाय."

मी नीट पाहिलं. तो इसम काठीच्या आकडीनं जास्वंदीची फांदी खाली ओढून फुलं पिशवीत टाकत होता. प्रत्येक जुन्या कॉलनीत असा एक फुलचोर असतोच. पण ग्राहक म्हणाला बंदोबस्त करा, आणि मला तर उत्साहच फार.

बाजूच्या बोळातून परसात यायची वाट होती. तिथे जाळीचं दार बसवलं, त्याला कुलूप. मागच्या दाराला नाईट लॅच, म्हणजे दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आणि पुढे फाटकावर ती लाल पाटी. मावशी बघत होत्या.

"एवढं कशाला रे?"

"सेफ्टी, मावशी."

फुलचोर यायचा थांबला. निखिलनं आभाराचा मेसेज पाठवला. तो मी आणखी दोन ग्राहकांना फॉरवर्डही केला.

आणि आता हा फोन. काम पूर्ण होईपर्यंत कुलपाची आणि लॅचची एकेक किल्ली माझ्याकडे होती. त्या घेऊन पाऊण तासात पोचलो. जाळीच्या आत मावशी घोंगडी पांघरून कागदी कपातून चहा पीत होत्या. जाळीच्या बाहेर माकडटोपी घातलेले एक आबा उकिडवे बसले होते. घोंगडी त्यांचीच, चहाही त्यांनीच टपरीवरून आणून जाळीतून दिलेला.

पावणेसहाला मावशी पाणी तापवायचा बंब पेटवायला म्हणून परसात आल्या, वाऱ्यानं दार लागलं. आबा येईपर्यंत तासभर त्या थंडीत एकट्याच होत्या.

"तुझ्या कॅमेऱ्याला मी हात केला," त्या मला म्हणाल्या. "मग दोन्ही हात केले. मग पदर हलवला. शेवटी नमस्कार केला. काही उपयोग नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हालचाल दिसली की मोबाइल वाजतो, त्याला आम्ही मोशन अलर्ट म्हणतो. कॅमेऱ्यानं नेमक्या कुठल्या भागावर लक्ष ठेवायचं, ते आखून द्यावं लागतं. ते मी आखलंच नव्हतं. फांदी हलली की अलर्ट, मांजर गेलं की अलर्ट. निखिलनं कंटाळून आवाज बंद केला होता.

मी दोन्ही दारं उघडली आणि निखिलला व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बघा काका, म्हणूनच म्हणतो. विकूनच टाकू."

मावशींनी कप खाली ठेवला. मी आबांकडे वळलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"रोज हितनंच जातो की. शेजारच्या वाडीतला मी. देवळात फुलं न्हेतो. फुलं काढली की खिडकीखाली खोकतो."

"का?"

"मग मी आतून भांडं वाजवते," मावशी म्हणाल्या.

"पाटी लागल्यापासनं रस्त्यावरनंच जोरात खोकतो," आबा म्हणाले. "आज भांडं वाजलं न्हाई. म्हून थांबलो, तर हाका आल्या."

"आणि क्लिपमधली ती आकडी कुणाची?"

"माझीच," मावशी म्हणाल्या. "मीच भिंतीला लावून ठेवते. हे आबा फांद्या मोडायचे."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगू? फुलं मागून नेली तर निम्मं पुण्य देणाऱ्याला, म्हणून हे मागत नाहीत. बघितलं तर हटकावं लागतं, म्हणून मी बघत नाही. इतकी वर्षं नीट चाललंय."

आबा मफलर सारखा करत दुसरीकडे बघू लागले.

निखिलनं मला क्लिपचा फक्त सुरुवातीचा तुकडा पाठवला होता. मी आख्खं रेकॉर्डिंग काढलं आणि त्याला पाठवलं. फुलं काढून माणूस खिडकीखाली उभा राहतो. खोकतो. आतून भांड्याचा आवाज येतो. मगच निघतो. चार दिवस, चारही वेळा.

निखिलनं ते दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"तू चोर कोण म्हणून विचारलंस. चोर कुणी नव्हता."

बंगला विकायचा विषय तिथेच संपला. मी लॅच काढून साधी कडी बसवली, जाळीचं कुलूप काढलं, पाटी उतरवली. शनिवारच्या गाड्या काही थांबणार नाहीत, म्हणून फाटकावरचा कॅमेरा ठेवला, या वेळी नीट आखून. मागचा काढला. निखिलनं आबांचा नंबर घेतला आणि आबांनी त्याला बजावलं, "सकाळच्या पारी फोन करू नका, तवा मी फुलं काडतो."

कॅमेरा झालेलं दाखवतो, धावून येत नाही. एवढी साधी गोष्ट मला धंद्यात इतकी वर्षं काढून कळली. आता साइट बघायला गेलो की वायर कुठून न्यायची हे विचारण्याआधी मी विचारतो, तुमच्याकडे न विचारता कोण कोण येतं?

हे जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि आपल्याकडे कोण येतं?" आमच्या बिल्डिंगला बोटाचा ठसा लावून उघडणारं दार आहे, चोवीस तास वॉचमन आहे, आणि कॅमेरे माझेच आहेत. मला एकही नाव आठवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि वाटीभर विरजण मागितलं. घरात विरजण होतं.