चौथा गुरुवार

चंद्राबाई मूळची निपाणीकडची. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवत होती. त्या महिन्यात कारखान्यामागच्या नाल्यात दोन मुली गळा दाबून टाकलेल्या सापडल्या. मग एका शुक्रवारी सकाळी तिसरी सापडली. ती धनलक्ष्मी होती, चंद्राबाईच्या शेजारच्या मशीनवर बसणारी.

त्याच दुपारी बंडलं घेऊन चंद्राबाई मालाच्या लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट मध्येच अडकली. दार उघडलं तेव्हा समोर धनलक्ष्मी बाही शिवत बसली होती. वार बुधवार होता.

चंद्राबाईने विचार करायला वेळ घालवला नाही. गुरुवारभर तिने पोरीला नजरेआड होऊ दिलं नाही. शुक्रवारी नाल्यात त्यांच्याच शिलाईच्या लाइनवरची सुप्रीता सापडली.

ती पुन्हा लिफ्टमध्ये शिरली. पुन्हा बुधवार. या खेपेला तिने दोघींना जवळ बसवलं आणि बाकीच्यांवर डोळा ठेवला. गुरुवारी जेवणानंतर मेकॅनिक चंद्रकांत लाइनवरच्याच प्रियदर्शनीच्या कानाशी काही बोलला, तशी ती रिकामं पोतं घेऊन चिंध्यांच्या खोलीकडे निघाली. चंद्राबाई मागून धावली, पण दाराला आतून कडी होती. रखवालदार येईपर्यंत खोली रिकामी झाली होती आणि मागचं दार सताड उघडं होतं. प्रियदर्शनीही नाल्यात सापडली. पोलिसांनी पुरावा नाही म्हणून चंद्रकांतला सोडलं आणि तिलाच चार तास बसवून ठेवलं. तुला आधीच कसं ठाऊक होतं, हे ते विचारत राहिले. सुटताच ती लिफ्टकडे गेली.

चौथ्या गुरुवारी तिने मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. मग धनलक्ष्मीला म्हणाली, "मी चिंध्या आणायला जाते. पाच मिनिटांनी सगळ्या लाइनला घेऊन ये. दार फोडा."

"का अक्का?"

"आज विचारू नकोस."

चंद्रकांत चिंध्यांच्या खोलीत मशीनचे पट्टे मोजत होता. अकरा वर्षं तो तिचं मशीन दुरुस्त करत आला होता.

"तुम्ही कशाला आलात, अक्का? मी प्रियदर्शनीला बोलावलं होतं."

"ती येणार नाही, अण्णा. नाल्यात सापडलेल्या त्या दोघींनाही तूच बोलावलंस ना?"

त्याने कडी लावली. पट्टा गळ्याभोवती आवळला तेव्हा तिला वाटलं, पाच मिनिटं फार सांगितली. तेवढ्यात दार मोडलं. तीस बायकांनी मिळून त्याला धरला.

पहिल्या दोघी मात्र गेल्या त्या गेल्याच. लिफ्ट बुधवारच्या मागे नेत नव्हती, आणि पुन्हा बुधवारी जाणं म्हणजे या तिघींचा जीव परत टांगणीला लावणं. चंद्राबाई बंडलं जिन्याने नेऊ लागली. त्या दोघींच्या आया कारखान्याच्या फाटकाशी आल्या, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊ शकली नाही. मशीनच्या आड तशीच बसून राहिली.