सत्कार होईपर्यंतचा निळा
काल दार रंगवायला आलेल्या पेंटरनं थिनरचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मला जालन्यातल्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. टीव्ही-मोबाईलच्या पडद्यासाठी प्रकाश देणारे अतिसूक्ष्म स्फटिक मी तिथं बनवायचे. लाल-हिरवा प्रकाश सहज मिळायचा, निळा मात्र टिकायचाच नाही. जाफराबादहून रोज एसटीनं येऊन दोन वर्षं मी त्याच्यामागे होते आणि अखेर एका बाटलीतला द्रव जांभळ्या दिव्याखाली गॅसच्या ज्योतीसारखा निळा दिसला. कॉलेजच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी ती बाटली सकाळीच स्टेजवर दिव्याखाली मांडली. मी म्हटलं, "सर, दिवा आत्ताच लावू नका, फार वेळ लावला तर निळा हिरव्यावर जातो." ते म्हणाले, "राहू दे गं, फोटोत दिसला पाहिजे." मग दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले, सत्कारावर सत्कार झाले, आणि मी कोपऱ्यातून बाटलीकडे बघत राहिले. दोन तासांनी पाहुणे एकदाचे तिच्यावर वाकले. "हे तं हिरवं दिसून राह्यलं. निळं कुठंय?" सर माइकवरच हसले, "पोरगी नवीन हाय, बनवताना कायतरी चुकलं असंल." सगळं सभागृह हसलं. माझ्या पर्समध्ये काळ्या कागदात गुंडाळलेली दुसरी बाटली होती, अजून निळीशार. ती मी काढली नाही. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. भाषणाचा कागद उघडून मी सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाचे आभार मानले. पेंटरला मी काल डबा बंद करायला लावला.