‘आलीच’ला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

“झोफोर्ट!” प्रमिला पुन्हा म्हणाली आणि मी कपाळाला हात लावला.

गोंदियात मी नर्सेसना जर्मन शिकवतो. जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नोकरी असते, पण आधी परीक्षा आणि इंटरव्ह्यू. त्या दिवशी रोल-प्ले चालला होता. मी आजारी आजोबा, सारखी बेल वाजवणारा. झोफोर्ट म्हणजे आत्ता, हातातलं टाकून. ग्लाइश म्हणजे थोड्याच वेळात. एस डाउअर्ट नोख म्हणजे अजून वेळ लागेल. प्रमिला सगळ्यांना झोफोर्टच वाटत सुटायची.

“अगं, तू दुसऱ्याचं ड्रेसिंग करते आहेस. झोफोर्ट कशी येशील?”

“वॉर्डात सारेच म्हणतात जी, आलीच. पेशंटले बरं वाटते. वेळ लागन म्हणून कायले सांगायचं?”

खरं होतं. आपल्याकडे ‘आलीच’ वेळ सांगायला नसतंच, धीर द्यायला असतं.

“तिकडचा म्हातारा घड्याळाकडे बघत बसेल,” मी म्हणालो. वर्ग हसला.

प्रमिलाची आई इटियाडोह धरणाकडच्या गावात अंथरुणाला खिळली होती. तिचा फोन यायचा. “आलीच माय, निघूनच राहिली,” प्रमिला सांगायची आणि पुढच्या ड्युटीला जायची. एका सोमवारीही तेच म्हणाली. ड्युटी, मग क्लास, मग बस. पोचली तेव्हा माय गेली होती. तिच्या बाबांनी सांगितलं, म्हातारी दिवसभर दाराकडे तोंड करून होती. पाणी दिलं तर म्हणे, पोरगी निघाली, तिच्या हातानं पिते.

तेरवी करून प्रमिला परतली. हे तिनंच मला सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

इंटरव्ह्यूत स्क्रीनवरच्या जर्मन बाईंनी नेमकं विचारलं, तुमचे हात गुंतलेत आणि एक आजी बेल वाजवतात. काय सांगाल? मी लॅपटॉपच्या मागे बसलो होतो. प्रमिला जर्मनमध्येच म्हणाली, “एस डाउअर्ट नोख, आजी. हे ड्रेसिंग झालं की येते. तोवर पाणी पिऊन घ्या. माझ्यासाठी थांबू नका.”

बाईंना उत्तर फार आवडलं. तिची निवड झाली. खाली मान घालून ती रडत राहिली. बाईंना वाटलं, आनंदानं.

ती निघाली तेव्हा गोंदिया स्टेशनावर बाबांनी विचारलं, “कवा येशीन वं?”

“वेळ लागन, बाबा,” ती म्हणाली. “वाट नोको पाहू. जेवून घेत जाजो.”

मी आता एस डाउअर्ट नोख आधी शिकवतो, झोफोर्ट सगळ्यात शेवटी.