बिल माझ्या कार्डवर

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे एक काका वाण्याकडे भेटले की आधी माझ्या हातातल्या नोटा बघायचे. "थांबा हो. कॅश मला द्या, तुमचं बिल माझ्या कार्डवर मारतो. मला पॉइंट मिळतील." मेडिकलमध्येही तेच, सोसायटीच्या सहलीलाही तेच. हे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे आणि काकूंना अंदमानला न्यायचं, हे ते दर वेळी नव्याने सांगायचे. "एक तिकीट केव्हाच निघालं असतं. पण ही एकटी कशी जाईल?" मला कंटाळा यायचा. ते लांबून दिसले की मी रस्ता बदलायचो.

परवा ठाण्याच्या हॉस्पिटलात काकू वारल्या. वीस दिवस आयसीयूत होत्या. बॉडी ताब्यात मिळण्याआधी बिल भरायचं होतं, म्हणून मी माझं कार्ड पुढे केलं. काकांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचं कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलीने पावती फाडून दिली. तिची नीट घडी घालून खिशात ठेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाले हो पॉइंट. दोन तिकिटांचे."